कंडक्टरकाकांची रिकामी सीट

ज्या वाक्यावर तुम्ही लहानाचे मोठे झालात ते नेमकं कोणाचं, हे तुम्ही कधी विचारलंत का? मी नाही विचारलं. मला वाटायचं, मला ठाऊकच आहे.

कंडक्टरकाकांनी एसटीत कधी नोकरी केली नाही. सीताबर्डीत एका जिन्याखाली त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. इंटरनेट घरोघरी येण्याआधी फोनच्या तारेवरून ई-मेल यायचे, तेव्हा फाइल जशीच्या तशी पाठवता येत नसे. ती साध्या अक्षरांच्या ओळींत बदलून पाठवत. वाटेतला एखादा संगणक ओळींच्या शेवटच्या मोकळ्या जागा फालतू समजून खाऊन टाके, कधी अख्ख्या ओळीच गाळी. मग फाइल उघडायचीच नाही आणि लोक काकांचं दुकान गाठायचे.

"ओळीचं पहिलं अक्षर म्हंजे कंडक्टर," ते मला सांगत. "उमरेडच्या गाडीत किती सवाऱ्या बसल्या ते त्याले पक्कं माहीत. कमी भरल्या तर समज, वाटेत कोणी उतरलं."

"कोण उतरलं, ते कसं कळतं?"

"शेवटची मोकळी जागा असन तर कळते. मधातलं कोणी उतरलं तर नाही कळत वं. मंग ते सीट रिकामी ठेवाची. आपण जाऊन बसाचं नाही."

अशा जागी ते चौकट टाकत: 'येथे मजकूर तुटला आहे.' एकदा एक वकील खवळला, "अंदाजानं भरा ना!" काका म्हणाले, "साक्षीदार नाही आला, तर त्याची साक्ष तुम्ही देता का साहेब?"

माझी आई दिल्लीला शिकत असताना तिने मुलींच्या वसतिगृहातल्या जागांच्या प्रश्नावर एक पत्रक लिहिलं आणि काकांकडे असंच ई-मेलने पाठवलं. दीक्षाभूमीवर ते वाटलं गेलं. त्यातलं एक वाक्य गावोगाव गेलं: 'आम्ही मागायला आलो नाही, मोजायला आलो आहोत.' मी वाचायला शिकले ती पत्रकांवरच. हुडकेश्वरच्या आमच्या घरात हे वाक्य भिंतीवर होतं. आई गेल्यावर ते तिच्या फोटोखाली आलं. मोर्चांत मी ते घसा फाटेपर्यंत ओरडले आहे.

यंदा आईच्या पत्रकांचं पुस्तक करायचं ठरलं. मुखपृष्ठावर तेच वाक्य, खाली आईचं नाव. काकांना दाखवायला गेले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे नको छापू."

"काहून?" मी त्यांचीच नक्कल केली.

"हे तुया मायचं नाही. मधातल्या ओळी आल्याच नव्हत्या. तिकडं फोन लागे ना, छापखानेवाला दारात उभा. मीच बसलो वं त्या सीटवर."

"थट्टा करून राहिले का काका?"

ते हसले नाहीत. माझी आई पोळ्यासुद्धा कधी मोजून लाटायची नाही. मोजणारे काका होते! हे मला इतक्या वर्षांत कसं दिसलं नाही?

"आईला माहीत होतं?"

"आल्यावर वाचलं तिनं. मंग म्हणे, चहा सांगा. तिले आवडलं का तिनं माफ केलं, मले आजवर समजलं नाही."

"वकिलाला अक्कल शिकवता, आणि स्वतः? इतकी वर्षं गप्प काहून?"

"लोकायनं डोक्यावर घेतलं होतं. कोणाकोणाच्या हातून हिसकू?"

"मग तुमचं नाव टाकते."

"नको. त्या सीटवर बसणारी तुयी माय होती. मायं नाव टाकशीन तर मी आणखी पसरून बसलो."

मी जयभीम न म्हणताच निघून आले. पुस्तक छापखान्यात असताना काका गेले. तो जयभीम राहूनच गेला. आईचं दुसरं काहीही उघडलं की अजून मी ओळी मोजायला लागते.

मुखपृष्ठावर आता फक्त चौकट आहे: 'येथे मजकूर तुटला आहे.'

ते वाक्य तुमच्याही भिंतीवर असेल, वाचनालयात असेल, बॅनरवर असेल. ते ओरडा, मोर्चाला ते लागतं. पण आज पेन घ्या आणि त्याखालचं माझ्या आईचं नाव खोडा. तिथे दुसरं कोणाचंही लिहू नका.