पिशवी कोणाची
इंजेक्शनआधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरला, की त्या वासानं माझं डोकं आजही तापतं. आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, बूढापाऱ्यातलं एक छोटं नर्सिंग होम, फिनाइलनं पुसलेली ओली फरशी आणि कॉटवर पोट धरून बसलेली आई. डॉक्टरांनी तपासलं तिला, पण बोलायला बाबांना आणि मामाला दारापाशी नेलं. बाईचं दुखणं पुरुषांनाच सांगायची रीत होती ना! बच्चेदानी हा साधा शब्द असताना ते म्हणाले, "हिस्टेरेक्टॉमी करनी पड़ेगी." दोघांनी समजल्यासारख्या माना डोलावल्या, आणि बाबा आत येऊन आईला म्हणाले, "काही नाही, छोटंसं ऑपरेशन आहे." मी तेव्हा कॉलेजात जीवशास्त्र शिकत होते. शब्द ग्रीक, त्यातला पहिला तुकडा म्हणजे गर्भाशय आणि दुसरा म्हणजे कापून काढणं, हे मला पाठ होतं. माझं टाळकंच सरकलं. "आई, तुही पिशवी काढून राहिले हे!" मी मोठ्यानं सांगितलं. मामा खेकसला, "पोट्टीनं असं बोलाव काय?" आई कॉटवरून उतरली. "पोट माह्यं, पिशवी माही, अन् सांगून राहिले कोणाले?" मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "अब मेरे को बताओ. पूरा." डॉक्टरांनी सगळं सांगितलं, पण बाबांकडे बघत. इतक्या वर्षांनी, परवा तेलीबांध्याच्या दवाखान्यात माझे रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाई सोबत आलेल्या माझ्या मुलाशी बोलायला लागल्या. मी उठले, खुर्ची ओढली आणि दोघांच्या बरोबर मध्ये ठेवून बसले.