खालचे कप्पे

पुराच्या त्या वर्षी पाणी आमच्या घरात खिडकीच्या गजांपर्यंत चढलं. ओसरल्यावर चिखल काढला, फुगलेली प्लायवूडची कपाटं टाकून दिली आणि उरलंसुरलं सामान माळ्यावर नाहीतर उंच फळ्यांवर चढवलं. तात्पुरतं म्हणून. सांगलीत आमच्या भागात अशी तात्पुरती घरं गल्लोगल्ली सापडतील. फ्रिज सिमेंटच्या ठोकळ्यांवर, लग्नातली भांडी पोत्यात बांधून माळ्यावर. नवीन कपाट केलं तरी त्याचे खालचे कप्पे रिकामे. पावसाळ्यात माणसं एकमेकांना जेवलात का विचारायच्या आधी पुलाजवळची पातळी विचारतात.

मी काही मुळातली गबाळी नाही. पण एकदा चिखलातून संसार वेचल्यावर आवरायचा हुरूपच गेला. लावायचं कशाला? परत उचलायचंच आहे की. हवी ती वस्तू पोत्यातून ओढून काढायची, काम झालं की हात पोचेल तिथं कोंबायची. नवऱ्याचं काही म्हणणं नव्हतं. मिरजेच्या दुकानातून आला की त्याला ताट आणि टीव्हीचा रिमोट एवढंच सापडावं लागतं. मोबाईलवर घर आवरायला शिकवणाऱ्या बायका दिसायच्या, टॉवेलच्या गुंडाळ्या करून टोपलीत उभ्या करणाऱ्या. मी म्हणायचे, तुमच्या दाराशी कृष्णा येत नाही बायांनो, करा गुंडाळ्या.

मग माझे वडील राहायला आले. आप्पा फौजेतून निवृत्त झालेले, आई गेल्यापासून रहिमतपूरजवळच्या गावी एकटेच. काचबिंदूनं नजर जात चालली होती. कडेचं दिसत नव्हतं, समोरचं धुरकट. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, थेंब चुकवले तर उरलेलीही जाईल. गावच्या घरात गॅस, परड्यात कठडा नसलेली विहीर. तिथं त्यांना एकटं ठेवून मला झोप लागली नसती.

पण गावच्या त्या घरात त्यांना डोळ्यांची गरजच पडत नव्हती. काडेपेटी, तांब्या, चपला, सगळं बराकीतल्यासारखं ठरल्या जागी. हात घातला की वस्तू हातात. आमच्याकडे मात्र आल्यापासून चाचपडणं सुरू झालं. काल दारामागं असलेला टॉवेल आज माळ्याच्या शिडीवर. "ह्ये घर हाय का एस्टी स्टँड गं?" असं हसत विचारायचे. मग हसणं थांबलं. मग वस्तू मागणंही थांबलं. तहान लागली तरी आप्पा मी कामावरून येईपर्यंत कॉटवर बसून राहायचे.

एकदा सकाळी केर काढताना मी त्यांच्या थेंबांची बाटली उचलून फ्रिजवर ठेवली आणि तशीच कामाला गेले. दुपारी ती शोधायला आप्पा स्टुलावर चढले आणि स्टूल कलंडलं. मी आले तेव्हा भिंतीला टेकून फरशीवर बसले होते, मनगट टम्म सुजलेलं. दवाखान्यातून पट्टी बांधून आणली. घरात शिरताच म्हणाले, "मला गावाकडं सोड."

"आवं आप्पा, तिथं कोण हाय तुमचं?"

"तिथं मी हाय. हितं पानी प्यायला बी तुजी वाट बघायची."

"आन हिरीत पडला म्हंजे?"

"हीर हाय तितंच असती. तुज्या घरात कवा काय कुटं जाईल, न्हाई सांगता यायचं."

मला रडू नाही आलं, संताप आला. पुराचा, त्यांच्या हट्टाचा, त्या स्टुलाचा. त्याच संतापात रविवारी शिडी लावली आणि एकेक पोतं खाली ओढायला लागले. नवरा पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "अगं, आणि पाणी आलं तर?"

"आलं तर उचलू. अजून न आलेल्या पाण्यापायी माझ्या बापाला आंधळा करू काय?"

तो उठला आणि त्यानं शिडी धरली.

खालचे कप्पे आप्पांचे ठरले. मी वस्तू ठेवायचे, ते डाव्या हातानं चाचपून नापसंत करायचे. ग्लास माठाच्या उजवीकडं हवा, डावीकडं चालणार नाही. थेंब उशाच्या खणात, पुढच्या कोपऱ्यात. कॉटपासून भिंतीला हात लावत न्हाणीपर्यंत जायचे, परत यायचे, परत जायचे. नवऱ्यानं रिमोट त्यांच्या खणात टाकला तर आप्पांनी असं काही झापलं की बिचारा 'जी' म्हणाला. खोटं कशाला सांगू, मला मजा यायला लागली. कुणी न सांगता मी माळाही उपसला आणि फुटकं, बुरसटलेलं सगळं भंगारात घातलं. आप्पांचं मात्र एकच पालुपद होतं, "हात बरा झाला की जातो." हात बरा झाला. ते स्वतः उठून पाणी पिऊ लागले, पण पालुपद काही सुटलं नाही.

मग पावसाळ्यात कोयनेतून विसर्ग वाढवला. गल्लीत रिक्षावरून भोंगा फिरला, सामान हलवा म्हणून. मी ओट्याखालचे डबे बाहेर काढायला लागले. माझे हात चालत होते, पण डोक्यात एकच चाललं होतं. आता परत सगळं वर जाणार आणि आप्पा पिशवी भरणार, गाडीत बसवून दे म्हणणार. डब्यांचा आवाज ऐकून ते भिंतीला हात लावत स्वयंपाकघराच्या दारात आले.

"किती चढलंय?"

"चढतंय अजून. उचलायला लागतंय आप्पा."

"उचल की. पर पानी गेल्यावर समदं हाय तितंच ठिव. लय कष्टानं पाठ केलंय ह्ये घर. ह्या वयात अजून एक न्हाई व्हायचं."

मी हातातला डबा खाली ठेवला. "आन गावाकडचं घर?"

"त्ये इसराय लागलोय," आप्पा म्हणाले.