मास्कखालचं खोबरेल

हे माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही. बहिणीनं नाही, लेकीनं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या नवऱ्याला ओळखत नव्हता — उगाच "बिचारा" म्हणायची घाई तुम्ही करणार नाही.

बिचारा नव्हताच तो. आयुष्यभर 'अहो' म्हटलं, आता 'तो' म्हणते. वरणात मीठ कमी पडलं की ताट सरकवणारा, पाहुण्यांसमोर माझ्या माहेराचा उद्धार करणारा माणूस. आणि वरून ते घोरणं! पिंप्राळ्यातल्या आमच्या घराची भिंत शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून, तेही कुरकुरायचे. पण खरं सांगू? मला त्या घोरण्याचाच फायदा झाला. झोप होत नाही या सबबीवर मी मागच्या खोलीत गेले. तिथं माझं शिलाई मशीन, एक खाट आणि दाराला आतून कडी. कडी लावली की केस मोकळे सोडायचे, पाय पसरायचे. कुणाची हाक नाही. एवढ्याशा गोष्टीचं काय कौतुक, असं वाटतंय ना? मग तुम्हाला खोली मिळालेली आहे, एवढंच म्हणेन.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. तो ऑफिसात बसल्या बसल्या डुलक्या घ्यायला लागला, म्हणून धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, झोपेत श्वास अडकतो. असंच चाललं तर एक दिवस अंगावरून वारं जाईल. धाकट्या दिरांनी मुंबईहून यंत्र आणलं — हवा सोडणारा डबा, लांब नळी, नाकावर बांधायचा मास्क. ते घेऊन आम्ही पुन्हा धुळ्याला गेलो. डॉक्टर समजावून सांगत होते आणि हा माझ्या शेजारच्या खुर्चीत घोरत होता. म्हणजे ऐकलं फक्त मी.

मास्क रोज साध्या साबणानं धुवायचा, चेहराही धुवायचा. पट्टा एवढा सैल ठेवायचा की खाली बोट जावं. आधी दिवसा, जागेपणी लावून सवय करायची. आणि चेहऱ्याला तेलबिल अजिबात नको. तेलानं मास्क घसरतो, हवा सुटते, मग माणसं पट्टा आवळतात आणि कातडी सोलून निघते.

सुरुवातीला मी सगळं नीट केलं. हो, केलं. दुपारी पेपर वाचताना त्याला मास्क लावून बसवलं, पट्टे सैल केले. घोरणं थांबलं. ऑफिसातून ताजातवाना घरी यायला लागला. आणि एक दिवस जेवताना म्हणाला, आता घोरत नाही ना मी, मग माझ्या खोलीत ये झोपायला. मागची खोली आईला देऊ. सासूबाई तेव्हा धुळ्याकडच्या गावाहून कायमच्या राहायला आल्या होत्या. मला कुणी विचारलं? छे.

मी पोळी वाढली. आणि —

इथं मी नेहमी थांबते. मनातल्या मनात सांगतानासुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या नाकाला, गालांना खोबरेल चोळायला लागले. म्हटलं, कातडी मऊ राहील. तो डोळे मिटून चेहरा पुढं करायचा, निमूट. लग्नानंतर माझ्यावर विश्वास टाकला असेल तर तेवढाच. मास्क घसरे, हवा फुसफुस करत डोळ्यांत जाई, तो वैतागे — आणि मी पट्टा आवळायची. आणखी आवळायची. आधी वळ उठला, मग नाकावरची कातडी गेली. मी त्यावर हळद लावली आणि पुन्हा खोबरेल. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, सून किती करते बघा. मला एकदा जवळ घेऊन म्हणाल्या, "तुन्हामुयेच मन्हा आंडोर जित्ता शे." माझा लेक तुझ्यामुळेच जिवंत आहे, म्हणे. मी वाकून पाया पडले. कसली माणूस मी?

शेवटी त्यानं मास्क भिरकावला. यंत्र माळ्यावर गेलं. तो पुन्हा घोरायला लागला, सासूबाई बाहेरच्या खोलीत झोपायला लागल्या आणि मागची खोली माझीच राहिली.

पुढच्या थंडीत त्याच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. पुन्हा तेच धुळं, तेच डॉक्टर. त्यांनी विचारलं, मास्क का सोडला? मी तोंड उघडायच्या आत हाच बोलला, अडखळत, लाळ गळत —

"माझीच कातडी नाजूक. हिनं तर रोज खोबरेल लावून दिलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. भला माणूस. आवाज चढवला नाही.

"ताई, तेल नको म्हणून सांगितलं होतं मी. विसरलात वाटतं?"

"हो," मी म्हणाले. "विसरले."

नवऱ्यानं चांगल्या हातानं माझा हात थोपटला. असू दे, म्हणाला.

पुढं काही वर्षं तो तसाच जगला. मी त्याचं सगळं केलं. ते सांगण्यासारखं नाही, करावंच लागतं. नाकावरचा पांढरा डाग शेवटपर्यंत राहिला. रोज तोंड पुसताना माझं बोट त्यावरून जायचं.

मी विसरले नव्हते. त्या दिवशी धुळ्याहून घरी आल्यावर मी मागच्या खोलीत गेले, कडी लावली आणि मला गाढ झोप लागली.