ढुंढिराजपंतांची नक्कलबंदी

पंचवटीतल्या गोदातीर वाचनालयाचे ग्रंथपाल ढुंढिराजपंत संध्येला एखादे दिवशी बुट्टी मारत, पण नक्कलबंदीला कधी नाही. पुस्तकावर 'सर्व हक्क स्वाधीन' असं छापलेलं असलं, की त्यातली ओळसुद्धा कुणी उतरवून घ्यायची नाही, हा त्यांचा नियम. वाचकांच्या पेन्सिली ते दारातच टोपलीत टाकायला लावत. वकिलांच्या श्यामलाबाईंना एकदा लोणच्याची कृती हवी होती, तर पंतांनी ती त्यांच्याकडून तिथल्या तिथे पाठ करून घेतली. कुणी हसलं तर म्हणत, "दुसऱ्याच्या वाफ्यातला कांदा उपटला तर चोरी, मग त्याचं वाक्य उपटलं तर काय?"

१९३४ साली या नियमाची सत्त्वपरीक्षा झाली. पुण्याच्या चिंतामणराव नावाच्या लेखकाची एक जुनी कादंबरी वाचनालयाला देणगीत आली. पंतांनी ती एका बैठकीत वाचली आणि शेवटी नायिका उत्तरा विहिरीत उडी टाकते तिथे ढसाढसा रडले. पुस्तक खिळखिळं होतं म्हणून बांधणीला लियाकतकडे दिलं. लियाकतनं गव्हाची खळ लावून पानं उन्हात ठेवली, आणि खळीच्या वासानं त्याच्या शेळीनं शेवटचं प्रकरण फस्त केलं.

"बाकी किताब शाबूत आहे, पंत," लियाकत खाली मान घालून म्हणाला. "शेळीला फक्त शेवट आवडला."

पुस्तक तसंच वाचायला दिलं, तर विहिरीच्या काठावर अडकलेले वाचक रोज येऊन भांडू लागले. लासलगावच्या मोतीरामशेटकडे दुसरी प्रत होती आणि ते ती चार दिवसांपुरती द्यायलाही तयार होते. एका दुपारचं काम, उतरवून काढा, असं सगळे म्हणाले. पण परवानगी कोण देणार? प्रकाशकाचं दुकान बंद पडलेलं, लेखकाचा पत्ता कुणाला ठाऊक नाही. पंत काही ऐकेनात.

मग त्यांनी जो तोडगा काढला, तो त्यांनाच सुचू जाणे. नक्कल ही चोरी, पण स्वतःची वाक्यं लिहिली तर चोरी कसली? म्हणून त्यांनी शेवटचं प्रकरण आपल्या शब्दांत लिहायला घेतलं. लेखणी विहिरीपाशी आली आणि पुढे जाईना. उत्तरेला ढकलायचा त्यांना धीरच होईना. अखेर मोट हाकणाऱ्या एका म्हाताऱ्यानं तिला हाक मारून परत फिरवलं, आणि पुढे तिनं मुलींची शाळा काढली. लियाकतनं ती पानं सफाईनं आत शिवली. नाशकातल्या बायका खूश झाल्या.

दोन वर्षांनी चिंतामणराव कुणाच्या मुंजीला नाशकात आले आणि मंडळींनी त्यांना वाचनालयाच्या वार्षिक सभेला धरून आणलं. सभेत श्यामलाबाई उभ्या राहिल्या. उत्तरेला विहिरीवरून परत आणलंत, त्याबद्दल आम्ही सगळ्या तुमच्या ऋणी आहोत, असं त्यांनी सांगितलं. चिंतामणराव गोंधळले. माझी उत्तरा तर मेली, म्हणाले.

पंतांच्या पाचावर धारण बसली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! जन्मभर दुसऱ्यांचे शब्द राखले, आणि शेवटी आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडी घातले. त्यांनी भर सभेत सगळं सांगितलं, पुस्तक लेखकाच्या हाती दिलं आणि कमरेच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. त्या किल्ल्यांवाचून उद्या सकाळी कुठे जायचं, हे त्यांना कळेना.

चिंतामणरावांनी प्रकरण उभ्याउभ्याच वाचलं.

"माझ्या नावाखाली हे ठेवायचा हक्क तुम्हाला नव्हता," ते म्हणाले. "ही पानं आत्ता काढा."

मागे बसलेला लियाकत पुढे आला आणि त्यानं शिवण उसवली. सुटी पानं चिंतामणरावांनी जुळवून हातात घेतली.

"दुसरी आवृत्ती काढतो आहे. शेवट माझाच राहील. पण त्याच्यामागे हाही छापीन म्हणतो, तुमच्या नावानं. पंत, तुमची परवानगी आहे का?"

इतकी वर्षं पंत जगाला हा प्रश्न विचारायला लावत होते, पण त्यांना तो कुणी विचारला नव्हता. त्यांचे डोळे भरून आले.

"आहे," ते म्हणाले, "पण अशी तोंडी चालत नाही." आणि किल्ल्या पुन्हा कमरेला खोचून ते टोपलीतल्या पेन्सिलींपैकी टोक असलेली एक शोधू लागले.