माझा वेगळा बाक

नातीच्या टेबलाला काल वॉर्निश लावलं आणि त्या वासानं मला अकोल्याच्या हायस्कुलातल्या माझ्या बाकावर नेऊन बसवलं. इंग्रजांचा काळ. वर्गात मुलगी मी एकटीच, म्हणून सरांच्या टेबलाशेजारी तो वेगळा करून घेतला होता. मुलीनं सरांच्या मागून वर्गात यायचं आणि त्यांच्याच मागून बाहेर पडायचं, अशी रीत होती.

एकदा वर्गात वादविवाद झाला, मुली मुलांच्या बरोबरीच्या आहेत का? बाळापूरचा एक मुलगा तावातावानं म्हणाला, “सर, पोरी कायच्यात कमी हायेत?” टाळ्या पडल्या. मी मनात चार वाक्यं जुळवून, सर मला कधी विचारतात याची वाट पाहत होते. घंटा झाली. सर उठले, मागोमाग मी.

पुढचे सर येईपर्यंत शेजारच्या खोलीत एकटीच बसले. भिंतीपलीकडून त्याच मुलाचा आवाज आला, “आमी जिंकलो!”