सात नंबरची थप्पी

लारीवाल्या भाऊंनी मला बाहेर काढलं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं लिहिताना माझी भीतीच जागा अडवून बसेल आणि भाऊ मागे राहतील. भाऊ चांद्याचे, मुसलमान, लाकडाच्या ठेकेदाराची लारी चालवायचे. मी मालवणाकडचा. शाळा लवकर सुटली आणि कुणाच्या तरी ओळखीने थेट आलापल्लीच्या पलीकडे, जंगलातल्या सागवानाच्या डेपोवर येऊन पडलो.

डेपो म्हणजे झाडं तोडून मोकळी केलेली लांबट जागा. फाटकातून आत एकच वाट, दोन्ही अंगांना ओंडक्यांच्या थप्प्या. जंगलाचा जो तुकडा तोडायला मिळे त्याला कूप म्हणत. प्रत्येक कूपाच्या थप्प्यांना एकपासून नंबर, डांबराने घातलेले. ठेकेदाराचे दिवाणजी नंबर ओरडायचे. मी फाटकापासून बघत जायचं आणि तो नंबर दिसला की ओंडक्यावर हात ठेवायचा. हात ठेवला की मजूर तीच थप्पी लारीवर चढवत. त्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही, अशी तिथली शिस्त. पुढे नाक्यावर वनरक्षक ओंडक्यांच्या तोंडावरचा सरकारी शिक्का वाहतुकीच्या पासाशी ताडून बघे आणि लारी सोडे.

उन्हाळाभर काम बिनबोभाट चाललं. मग वरच्या डोंगरात ढग उतरायला लागले. नाल्याला पाणी आलं की आमचा रस्ता दसऱ्यापर्यंत बंद. आणि ठेकेदाराची रीत अशी, की ज्याच्या हातून माल मागे राहील त्यानेच पावसाळाभर तिथे राखण करायची. आदल्या साली असा राहिलेला मुनीम बाहेर आला तेव्हा तापाने पिवळा पडला होता, आणि म्हणे माणसांशी बोलताना भिंतीकडे बघायचा.

शेवटची खेप सात नंबरची. सात नंबर फाटकाजवळच होता. हात ठेवला, लारी भरली, गेली. आणि भरलेलीच परत आली.

"गार्ड सोडत नाई," भाऊ म्हणाले. "शिक्का जमत नाई म्हणते."

मला शिक्का वाचता यायचा नाही. आहे की नाही, एवढंच बघायचो. वाटलं, चिखलाने बुजला असेल. एकेक तोंड पाण्याने धुतलं, गवताच्या बोळ्याने घासलं. लारी पुन्हा गेली, पुन्हा आली. मग वाटलं, ओंडकेच खराब निघाले. ते उतरवून त्याच थप्पीतले दुसरे चढवले. तेही परत आले. थप्पीवरचा आकडा पुसट होता म्हणून मी तो नव्या डांबराने गडद केला. आता आठवून हसू येतं.

मजुरांचा मुकादम ओंडका खांद्यावरून टाकत म्हणाला, "बाबू, ह्या लाकडाशी तुमचं लगीनच लावून देतो ना आता!" सगळे हसले. दिवाणजी हसले नाहीत. त्यांनी राखणीच्या छपरीकडे बोट केलं. "तांदूळ ठेवून जातो. कंदीलही ठेवतो."

मी तिथेच थप्पीला टेकून बसलो. कुठूनही विचार केला तरी मन फिरून त्याच सातपाशी यायचं. नंबर बरोबर, लाकूड सागाचं, शिक्का मारलेला. चूकच नाही, तर शोधायची कुठे? नाल्याचा आवाज तिथवर येत होता.

भाऊ शेजारी बसले. बिडी विझवून कानावर ठेवली. "रडून राह्यला काऊन? ऊठ. तू थप्पी कशी धुंडतो ते दाखव मले."

"त्यात दाखवायचं काय, भाऊ?"

"फाटकापासून चाल. अन् जे पाहून राह्यला ते तोंडानं बोलत चाल. गुपचूप नाई चालाचं."

मला लाज वाटली. तरी फाटकात गेलो आणि सुरुवात केली. "ही रिकामी जागा. इथली थप्पी गेली. हीसुद्धा गेली. ही सात." थांबलो.

"थांबला काऊन?"

"सापडली ना, भाऊ."

"मंग पुढं का हाये?"

"पुढं..." सापडल्यावर पुढे मी कधी गेलोच नव्हतो. कशाला जाईन?

"चाल ना, लेका! बोलत चाल."

रिकाम्या जागा ओलांडत, बोलत बोलत मोहाच्या झाडापलीकडे गेलो. तिथे, वेलींनी अर्धी झाकलेली, आणखी एक सात होती.

फाटकाजवळची सात आदल्या सालच्या कूपाची. तिची परवानगी अडकली म्हणून तेवढी एकच मागे राहिली होती. पास नव्या कूपाचा, आणि शिक्का कूपागणिक वेगळा. इतके दिवस निभावलं, कारण दुसऱ्या कुठल्या नंबराची जुनी थप्पी वाटेत नव्हतीच.

मी धावत जाऊन मोहाकडच्या सातवर हात ठेवला. "भाऊ, यापुढे मी मागूनच शिरत जाईन!"

"मागून शिरशीन तं मागची चुकीची थप्पी पहिले भेटन," भाऊ म्हणाले. "बापाचं नाव पहिले घे, मंग पोराचं. कूप कोणता, ते पहिले इचार."

दिवाणजींना तसं सांगितलं. त्यांनी सात नंबर पुन्हा ओरडला, या वेळी कूपासकट. जुन्या सातवर मी डांबराने मोठी फुली मारली.

नाक्यावर गार्डाने शिक्का बघितला आणि बांबू वर केला. मी भाऊंच्या शेजारी लारीत बसलो होतो. नाला ओलांडताना पाणी चाकांच्या अर्ध्यावर होतं. मी भाऊंच्या स्टिअरिंगवरच्या हातांकडे बघत राहिलो, खाली बघितलं नाही.

पलीकडे गेल्यावर भाऊंनी विचारलं, "तुह्या गावाले नदी हाये का?"

"समुद्र आहे, भाऊ."

"मी नाई पायला. त्याले पूर येते का?"

"नाही. तो आपला येतो आणि जातो. रस्ता नाही बंद करत."

"अरे वा," ते म्हणाले आणि कानावरची बिडी पेटवली.

बल्लारशाच्या स्टेशनावर त्यांनी मला उतरवलं. मी पाया पडायला वाकलो तर हाताला धरून उभं केलं. अजूनही एखादी गोष्ट बरोबर असून जमत नसली, की मी पहिल्यापासून बोलत बोलत चालतो. लोक हसतात. भाऊ, गाठीला थोडं जमलं की मी तुम्हाला न्यायला येणार आहे. माझ्या गावच्या वाळूत तुम्हाला बसवीन आणि समुद्र दाखवीन. हा शब्द आहे माझा.