ठसका न लागलेली दृष्ट

अॅमस्टरडॅमला पोचलो तेव्हा मला ताप होता. दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालय होतं. तिथलं एक चित्र कॉलेजात असताना मी जुन्या कॅलेंडरवर पाहिलं होतं, आणि त्या एका चित्रासाठी युरोपची ही धावपळ पत्करली होती. टूर मॅनेजरने जाहीर केलं, सकाळी ताप असेल तर बसमध्ये घेणार नाही. म्हणजे गोळी घेऊन झोपणं एवढंच माझ्या हाती होतं.

आमच्या गटात तेच अशक्य होतं. अर्धी बस करी रोडच्या आमच्या टॉवरमधली. चाळ पाडून टॉवर झाला, पण दारं लावून बसायची सवय कुणाला लागली नाही. कुणी सुंठ आणली, कुणी ओवा. एकाने विमानात मी बर्फाचं पाणी प्यायल्याची आठवण माझ्या बायकोला करून दिली.

शेवटी समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी आल्या. निघताना विमानतळावर मॅनेजरने फलक लावून, शाल-श्रीफळ देऊन माझा 'ज्येष्ठ विचारवंत' म्हणून सत्कार केला होता. मी विमा कंपनीतून निवृत्त झालोय, एवढाच माझा विचार. वहिनींच्या मते नजर तिथेच लागली. सत्कार बाधतात हे मलाही पटलं, पण झोप हवी होती.

त्यांनी मीठ, मोहरी, मिरच्या माझ्यावरून ओवाळल्या आणि स्टीलच्या ताटलीत कापूर पेटवून त्यावर टाकल्या. इथे जाळू नका, असं मी म्हणून पाहिलं.

"भावोजी, गप रवा." त्यांनी धुरात नाक घातलं. "ठसको लागणा नाय. केवढी दिष्ट ती!"

मिरच्या जळूनही ठसका लागला नाही तर दृष्ट जबर, असा नियम आहे. छताला लावलेल्या धूर ओळखणाऱ्या यंत्राला तो ठाऊक नव्हता. भोंगा वाजला आणि अख्खं हॉटेल रस्त्यावर आलं. बोचऱ्या वाऱ्यात मी बराच वेळ ती सत्काराची शाल गुंडाळून उभा होतो. अग्निशमन दलाचा धिप्पाड माणूस ताटली घेऊन खोकत बाहेर आला.

सकाळी ताप वाढलेला होता. बस मला सोडून गेली. दुपारी घाम सुटून ताप उतरला. संध्याकाळी वहिनींनी कपाळाला हात लावून पाहिला, "उतरली मां?" म्हणाल्या, आणि त्या चित्राचं फ्रिजला लावायचं मॅग्नेट माझ्या हातात ठेवलं.

चित्र कसं होतं, मी विचारलं.

त्यांनी मॅग्नेट परत घेऊन उलटसुलट करून पाहिलं. "ह्यां असांच. वायच मोठां."